आळशी की उपाशी?

प्रत्येक माणसाच्या डोक्यात एक न्यायाधीश जन्मतःच बसवून मिळतो. त्याला पगार नाही, सुट्टी नाही, आणि साक्षीपुरावा ऐकून घ्यायची सवय तर मुळीच नाही. समोरचं काही चालेनासं झालं, की हे गृहस्थ ताबडतोब निकाल देऊन मोकळे होतात. पोरगं अभ्यासाला बसत नाही? आळशी आहे. शिपाई फाइल उचलायला वेळ लावतो? माजलाय. सूनबाई दुपारची जरा आडवी झाली? माहेरचं वळण! निर्जीव वस्तूंचीही यातून सुटका नाही. रेडिओ बोलेना, द्या टपली. पंखा फिरेना, ढोसा काठीनं. घड्याळ थांबलं, आपटा मनगटावर. एखादं घड्याळ आपटल्यावर चालूही लागतं, आणि तेवढ्या एका घड्याळाच्या जोरावर आपण आयुष्यभर माणसं आपटत बसतो.

तर प्रश्न असा, की जे चालत नाही त्याच्याशी कसं वागावं? त्याला रागवावं, की त्याला काय हवंय ते बघावं? हा नीतिशास्त्राचा जुना प्रश्न आहे. मला त्याचं उत्तर मात्र डिझेलच्या इंजिनापाशी मिळालं. तिथे माझ्या हाताला काळं लागलं, पण विचार जरा स्वच्छ झाले.

डिझेल इंजिन ही मोठी कष्टाळू आणि अल्पसंतुष्ट जात. पेट्रोलच्या इंजिनाला पेट घ्यायला प्लग हवा, प्लगला ठिणगी हवी, ठिणगीला मुहूर्त हवा. दिवाळसणाला आलेल्या जावयासारखी सगळी सरबराई. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागतच नाही. सायकलीत हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, हे आपण लहानपणी बोट भाजून शिकलेलो असतो. दाबली की हवा तापते. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं हीच गोष्ट टोकाला नेली. १८९२ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली आउग्सबुर्गला त्याचं इंजिन धडपणे चाललं. हवा मूळ जागेच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शात कोंडायची. ती पाचशे अंशांच्याही वर तापते. नेमक्या त्या क्षणी तिच्यात तेलाचा बारीक फवारा सोडायचा. झाला भडका! काडी नको, चकमक नको. आपल्याकडे १९४६ साली पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि पुढे गावोगावच्या विहिरींवर हे डिझेलचं इंजिन पुक् पुक् करत उसाला पाणी पाजू लागलं. मोटेच्या बैलांना सुट्टी मिळाली ती त्याच्यामुळेच.

म्हणजे याच्या गरजा दोनच. कोंडलेली हवा आणि वेळेवर डिझेल. हवा ते आपली आपण कोंडतं. डिझेल मात्र आपण पोचवायचं असतं. इंजिन गरगर फिरतंय पण पेटत नाही, अशा वेळी जाणता मेस्त्री इंजिनाच्या तोंडाकडे बघतच नाही. तो उलट मागे जातो आणि सायलेन्सरच्या नळीशी उभा राहतो. पांढरट, करडा धूर येत असला, तर डिझेल आत पोचतंय पण पेट घेत नाही. दुखणं पुढचं आहे. धुराचा पत्ताच नसला, तर बिचारं रिकाम्या पोटी फिरतंय. ते आळशी नाही, उपाशी आहे.

आळशी आणि उपाशी हे शब्द यमकात बसतात, आणि बाहेरून दिसायलाही अगदी जुळ्या भावांसारखे असतात. दोघंही काम करत नाहीत. दोघंही मान टाकून बसतात. दोघांनाही हाका मारल्या तर 'ओ' उशिरा येते. फरक आत असतो, आणि आत बघायचं म्हणजे कपडे खराब होतात.

हे सगळं ज्ञान मला एका वऱ्हाडाच्या बसनं दिलं. १९८४ सालचा मे महिना. देवरुखला लग्न लावून वऱ्हाड कोल्हापूरला परत निघालं होतं. भाड्यानं घेतलेली बस, पुढच्या बाकावर नवरा-नवरी, मागे आम्ही, आणि सर्वांत मागे रुखवताचे डबे. साखरपा मागे टाकून बस आंबा घाट चढू लागली. दोन वळणं घेतली आणि तिचा जोर गेला. तिनं तीन आचके दिले, एक उसासा सोडला आणि गप्प झाली.

बस बंद पडल्याबरोबर बसमधले सगळे पुरुष इंजिनिअर झाले. एक निवृत्त ओव्हरसियर काका म्हणाले, "पंपच गेला. आता मुंबईहून मागवावा लागणार." नवरदेवाच्या मित्रानं बॅटरीवर संशय घेतला. एक मेहुणे खाली उतरले आणि त्यांनी टायरला लाथ मारून पाहिली. टायरचा ह्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, पण लाथ मारायला तोच सोयीचा होता. ड्रायव्हर खाली उतरलेला पाहून तो मित्र त्याच्या जागेवर जाऊन बसला आणि सेल्फ मारू लागला. स्टार्टरला आपल्याकडे 'सेल्फ' म्हणतात. अडचणीत सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा सेल्फच मारत बसतो, हे मला तेव्हा प्रथम कळलं. इंजिन फिरत होतं, पेटत नव्हतं, आणि बॅटरीचा आवाज म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा खोल खोल जात होता.

"आवो पाव्हणं, सेल्फ नगा मारू!" ड्रायव्हर ओरडला. "हिला डिझेलच पोचंना झालंय. उपाशी बैलाला चाबूक मारून काय हुतंय?"

इकडे बसमध्ये दुसरं एक इंजिन सुरू झालं होतं. मागच्या बाकावरून दबक्या आवाजात, म्हणजे पुढच्या बाकावर नीट ऐकू जाईल अशा बेतानं, एक वाक्य आलं: "जाताना बस कशी सुरळीत गेली होती, नाही? आता येताना..." वाक्य तिथंच सोडलं होतं. अशी वाक्यं पुरी करायची नसतात; ती ऐकणाऱ्यानं पुरी करायची असतात. येताना बसमध्ये जास्तीचं असं एकच माणूस होतं. शालूचा पदर डोक्यावर घेऊन ते खिडकीबाहेर बघत होतं. वीस-एकवीस वर्षांची मुलगी. घरात पाऊल पडायच्या आधीच तिचा पायगुण घाटात ठरत होता. असा ठपका एकदा बसला की बसला. पुढे म्हैस आटली तरी तोच, आणि जावयाची बढती हुकली तरी तोच. इंजिन सुरू झालं असतं तरी कारण सापडलं नसतं, तर ते कारण म्हणून हीच राहिली असती.

ड्रायव्हरला पायगुण ठाऊक नव्हता; त्याला पाइप ठाऊक होता. तो टाकीपासून सुरू झाला. पण त्याआधी त्यानं इंजिन बंद करायची दांडी ओढलेली राहिलीय का ते पाहिलं. "लई येळा हितंच घोळ असतोय," तो म्हणाला. दांडी जागेवर होती. मग त्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि कान दिला. झाकणाचं बारीक भोक चिखलानं बुजलं, तर टाकीत हवा शिरत नाही, आणि हवा शिरली नाही तर डिझेल बाहेर पडत नाही. अशा वेळी झाकण उघडताच टाकी 'हुश्श' करते. टाकीनं हुश्श केलं नाही. मग त्यानं एक वाळकी काटकी आत बुडवून काढली. काटकी निम्म्याच्या वर भिजली होती.

"टाकीत हाय," तो म्हणाला, "पर पोचंना."

मग तो फिल्टरकडे वळला. फिल्टरच्या डोक्यावरचा लहानसा स्क्रू त्यानं ढिला केला आणि हातपंपाची मुंडी दाबू लागला. स्क्रूपाशी डिझेल आलं, पण सरळ धारेनं नाही. साबणाच्या पाण्यासारखं फेस काढत, बुडबुडे सोडत आलं.

"हवा घेतलीया!"

आता हवेचं डिझेलशी काय वैर? खरं तर काहीच नाही. सिलिंडरमध्ये हवा नसेल तर इंजिन चालणारच नाही. पण तीच हवा पाइपात शिरली की सत्यानाश. डिझेल दाबलं जात नाही. पंपानं इकडून ढकललं की तिकडे इंजेक्टरची सुई उघडते, आणि त्यासाठी जुन्या इंजिनांतसुद्धा वातावरणाच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. हवा मात्र मोठी समजूतदार. ढकललं की आक्रसते, सोडलं की पसरते. पंप तिच्यावर जीव खाऊन दाब देतो, ती आपली मान डोलावते आणि पुढे काहीच पोचवत नाही. 'होय साहेब, करतो साहेब' म्हणणारा माणूस मधल्या टेबलावर बसला की कचेरीचं जे होतं, तेच इंजिनाचं होतं. वाईट असं काही नसतं. जागा चुकली की सगळंच वाईट.

हवा काढायची तर बुडबुडे संपेपर्यंत मुंडी दाबायची आणि दाबता दाबताच स्क्रू आवळायचा. पण इथे पाच मिनिटं झाली, दहा झाली, बुडबुडे काही संपेनात. म्हणजे हवा अडकलेली नव्हती. कुठून तरी नव्यानं शिरत होती. ड्रायव्हरनं मग मला शहाणं करणारं वाक्य टाकलं. "फुडच्या पाइपाला भोक पडलं तर डिझेल गळतंय, दिसतंय. टाकीकडल्या पाइपाला पडलं तर थेंबसुदीक न्हाई. त्यो पाइप वडून घेतोय, म्हनून भाईर गळत न्हाई, हवा आत जातीया." म्हणजे जो भाग कोरडा, स्वच्छ आणि निर्दोष दिसतो, भोक तिथंच असू शकतं. आणि ज्याच्या तोंडाला फेस आलेला दिसतो, तो फक्त दुसऱ्याचं भोगत असतो.

बसखाली जायला क्लीनर हवा होता. क्लीनर म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचं एक काटकुळं पोर. ते पायरीवर गुडघ्यात मान घालून बसलं होतं. ड्रायव्हरनं दोन हाका मारल्या, तरी ते हललं नाही. लगेच आमच्या न्यायाधीशांचं पूर्ण बेंच बसलं. "आजकालची पोरं अशीच." "कामाच्या वेळी बघा कसं बसलंय." "सकाळपासून बघतोय मी, ऐदी आहे ऐदी."

आमची आत्याबाई म्हणजे नवरदेवाची आत्या. सत्तरीची, अंगानं ठेंगणी आणि आवाजानं उंच. ती पायरीपाशी गेली आणि तिनं एवढंच विचारलं, "बाळा, जेवलास कधी?"

पोरानं मान न उचलताच सांगितलं, "काल रातच्याला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मांडवात चार पंगती उठल्या होत्या. जिलब्यांची अख्खी परात उरली होती, ती आम्हीच डोळ्यांनी पाहिली होती. बसमधल्या सामानावर लक्ष ठेवायला हे पोर बसमध्येच बसलं होतं. ड्रायव्हरला कुणी तरी पानावर बोलावलं. "पोराला ताट पाठवतो" असं एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि तिसरा फोटो काढायला उभा राहिला. टाकी काठोकाठ भरलेली. मधे कुठं तरी हवा शिरली होती.

आत्याबाई मागे गेली आणि तिनं सरळ रुखवताचा डबा फोडला. रुखवत घरी पोचायच्या आत फोडायचं म्हणजे केवढा अनर्थ! वरमाईच्या कपाळावर आठ्या उमटल्या. पण आत्याबाई म्हणाली, "घरी जाऊन शेजारणींना दाखवायचंय ना? मग आधी बस घरी जाऊ दे." पोरानं पाच लाडू खाल्ले आणि वर तांब्याभर पाणी प्यायलं. हे चाललं असताना पुढच्या बाकावरून नवी नवरी उठली आणि तिनं आपल्या माहेरच्या डब्यातला चिवडा त्याच्या हातात दिला. त्या प्रवासात ती जागेवरून हलली ती तेवढीच.

पुढे काय झालं, ते थोडक्यात सांगतो. पोर बसखाली सरपटत गेलं. टाकीकडून येणाऱ्या पाइपावरून एकेक वीत मुठीत धरत पुढे सरकलं. रबरी पाइपाच्या टोकाशी मूठ आली आणि इकडे फिल्टरवरचे बुडबुडे कमी झाले. रबराला जोडापाशी बारीक चीर गेली होती. चिरलेलं टोक कापून पाइप पुन्हा चढवला, तारेनं आवळला, हवा काढली. सेल्फ एकदाच मारला. लाडू खाल्ल्यामुळे पोराला चीर सापडली, असं मी म्हणणार नाही. लाडवाला तेवढं यंत्रशास्त्र येत नाही. ते उपाशीसुद्धा बसखाली गेलंच असतं, कारण अशी पोरं शेवटी जातातच. पण मग आम्ही म्हटलं असतं, "बघा, ओरडल्यावर कसं उठलं!" आणि घड्याळ आपटणाऱ्यांना आणखी एक पुरावा मिळाला असता.

पायगुणाबद्दल मग कुणी बोललं नाही. बोटभर रबराची चीर सगळ्यांना दाखवून झाली होती. ओव्हरसियर काकांनी ती दोनदा पाहिली आणि "मी पंपच म्हणत होतो, पण पंपाच्या अलीकडे," असं म्हणाले.

तेव्हापासून मला वाटायला लागलं, की नीती म्हणजे बऱ्याच अंशी तपासणीचा क्रम. दया, करुणा वगैरे मोठ्या गोष्टी साऱ्यांनाच जमत नाहीत; क्रम मात्र कुणालाही पाळता येतो. टाकीकडून सुरुवात करायची. आधी फुकटातलं तपासायचं, मग स्वस्तातलं, आणि पंप गेला असं अगदी शेवटी म्हणायचं. आपण नेमकं उलट करतो. शेवटच्या टोकाला जो मान टाकून बसलेला दिसतो, त्याच्यापासून सुरू करतो आणि बहुधा तिथंच संपवतो.

वर्गात डुलक्या घेणाऱ्या पोराला पूर्वी बाकावर उभं करत. डुलकी ती डुलकीच; ती बाकावर उभ्यानंही लागते. १९८२ साली तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी शाळेतल्या जेवणाची मोठी योजना काढली, तेव्हा 'शाळा की खानावळ' असं हसणारे पुष्कळ निघाले. पुढे १९९५ साली देशभर पोषण आहाराची योजना आली, आणि शाळेत शिजवलेलं अन्नच द्यावं असं २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. थोडक्यात, पोराच्या मेंदूची परीक्षा घेण्याआधी पाइप तपासायचा असतो, हे ठरवायला आपल्याला एवढी वर्षं लागली. आणि टाकी भरली की सगळ्यांना पोचतं, ही समजूतही खोटीच. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. तेव्हा धान्याचा साठा तितका घटलेला नव्हता, माणसांपाशी ते मिळवायची ऐपत उरली नव्हती, असं अमर्त्य सेन यांनी १९८१ साली पुस्तक लिहून मांडलं. टाकीत होतं, पण पोचत नव्हतं. त्या मेलेल्यांनाही कुणी तरी आळशी म्हटलंच असणार.

आता तुम्ही म्हणाल, जगात खरे आळशी नसतातच की काय? असतात हो! आमच्या एका नातलगांची टाकी भरलेली आहे, पाइप स्वच्छ आहे, फिल्टर नवा आहे, तिन्ही त्रिकाळ सरळ धारेनं डिझेल पोचतं, आणि तरी गृहस्थ तीस वर्षं जागचे हललेले नाहीत. त्यांच्या आळशीपणाला मी मनापासून मान देतो, कारण तो सगळ्या तपासण्यांतून पार पडलेला अस्सल आळशीपणा आहे. माझी तक्रार एवढीच, की हा किताब तपासणीशिवाय कुणालाही वाटू नये. त्यात खऱ्या आळशांचाही अपमान आहे.

आणि तपासणी तरी केवढी? काटकी लागत नाही, पाना लागत नाही. आमच्याकडच्या खेड्यांत दिवसाच्या कुठल्याही वेळी रस्त्यात कुणी भेटलं, की नाव-गाव, काम-धंदा ह्यांच्या आधी एक प्रश्न येतो. शहरातल्या लोकांना तो अडाणी वाटतो, आणि घाईत असलेल्यांना नसती चौकशी वाटते. पण टाकीपासून सुरुवात करायची अक्कल ज्यांना डिझेलच्या शंभर पिढ्या आधी आली होती, त्यांचा तो प्रश्न आहे.

"काय पाव्हणं, जेवलासा का?"